एका नंबरावरचं कुलूप

पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवाळीला घरी आले, तर मायनं भाकरी थापता थापता विचारलं, "तू तिथं करतीस तरी काय दिसभर?" पोरगी कॉम्प्युटर कंपनीत आहे, एवढ्यानं तिचं भागत नव्हतं. शेजारणी खोदून खोदून विचारायच्या आणि तिला काही सांगता यायचं नाही, हे तिचं खरं दुखणं. मी दोनदा नीट समजावून बघितलं. तिसऱ्यांदा वैतागून म्हणलं, "कुलपं लावते, माय. झालं समाधान?"

"आगं बाई! इंजनेर होऊन कुलपं?" भाकरी उलटायची सोडून ती माझ्याकडं बघत राहिली.

दादा, म्हणजे माझे वडील, दारात बसून कासऱ्याला पीळ देत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मंग किल्ली कोणाकडं ऱ्हाती?"

मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

तसं मी खोटं बोलले नव्हते. आमची कंपनी त्या काळात एक मोठा डबा विकायची. डब्याला चार-सहा स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेले, त्यांना टर्मिनल म्हणायचे. अक्कल सगळी डब्यात. डब्यात ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिचा गाभा म्हणजे कर्नेल. कुणी कधी कशाला हात लावायचा, हे कर्नेल ठरवतं. दोघं जण एकाच फाइलमध्ये एकदम लिहायला लागले तर एकाचं लिहिलेलं दुसरा पुसून टाकणार, म्हणून कर्नेल एकाला आत घेतं आणि फाइलला कुलूप घालतं. अडचण अशी की आमचं कुलूप अख्ख्या फाइलला लागायचं. माणसाला लिहायची असायची एक ओळ, आणि बंद व्हायचं सगळं घर. बाकीचे बसले ओसरीवर. माझ्या गळ्यात काम पडलं होतं ते या एका मोठ्या कुलपाची बारीक बारीक कुलपं करायचं. ज्या ओळीत लिहायचंय तेवढ्याच ओळीला कुलूप, बाकीची फाइल मोकळी.

ऐकायला किती सोपं! करताना नाकी नऊ आले. एका कुलपाच्या जागी ढीगभर कुलपं झाली की कुणाकडं कुठलं आहे, कोण कुणासाठी खोळंबलाय, याची साखळी कर्नेललाच सांभाळावी लागते. त्यात एक कडी चुकली तर सगळी मशीन गप. साधा प्रोग्रॅम चुकला तर एकाचं काम अडतं, कर्नेल चुकलं तर सगळ्यांचंच अडतं. त्या धास्तीनं माझं जेवणावरचं मन उडालं होतं. खानावळीतल्या काकू म्हणायच्या, हिला कुणीतरी दृष्ट लावली.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात साहेबांनी मला बोलावलं. परभणीच्या बाहेर एका कापूस खरेदी केंद्रात आमची मशीन बसवली होती. चार वजनकाटे, चार टर्मिनल आणि फाइल एक. एका काट्याच्या ऑपरेटरनं फाइल धरली की बाकीचे तीन काटे माशा मारत बसायचे. गाड्यांची रांग फाटकातून बाहेर सडकेला लागली होती, आणि केंद्रप्रमुख रोज फोनवरून आमचा उद्धार करत होते.

"परभणी तुझीच ना? मग तूच जा. नवं कर्नेल घालून ये," साहेब म्हणाले.

परक्या गावात मशीन बंद पडली तर शिव्या खाऊन परत येता येतं. आपल्या जिल्ह्यात पडली तर तोंड कुठं लपवायचं? आणि तेही त्या हिवाळ्यात.

विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल आज लागतो, उद्या लागतो, असं चाललं होतं. ज्यांना ते हवं होतं ते हळू बोलत होते, ज्यांना नको होतं तेही हळू बोलत होते. आमच्याकडं लोक हळू बोलायला लागले की जीव टांगणीला लागतो. मी दुसरी-तिसरीत असताना हे सगळं पहिल्यांदा पेटलं, तेव्हा आमची अख्खी वस्ती दाराला कड्या लावून परभणीत नातेवाइकांकडं गेली होती. परत आलो तर घर जागेवर होतं, पण कडब्याची गंजी जळून काळी पडली होती. दादा त्या राखेकडं बघत, "आता बैलं काय खातील," एवढंच म्हणाले होते. बाकी त्या दिवसातलं मला फार आठवत नाही, ते वाक्य आठवतं.

त्या कापसाच्या रांगेशीही दादांचा जुना संबंध होता. झरीच्या शिवारात आमचं थोडं कोरडवाहू रान, त्यात कापूस. मशीन यायच्या आधी फाटकावरचा कारकून चिठ्ठ्या द्यायचा, आणि कुणाची गाडी कधी आत सोडायची हे त्याच्या मर्जीवर. दादांची गाडी सगळ्यांच्या आधी पोचायची आणि सगळ्यांच्या मागून आत जायची. शिवी नाही, भांडण नाही. नुसतं, "तुमी थांबा जरा." लहानपणी गाडीवर कापसात बसून मी ते इतक्यांदा ऐकलंय की अजूनही कुणी मला सहज थांबा म्हणलं तरी माझं टाळकं फिरतं.

म्हणून केंद्रावर मशीन आली, फाटकावर टोकन मिळायला लागलं आणि नंबर लागेल तशी गाडी काट्यावर यायला लागली, तेव्हा दादा खूश झाले होते. मी मशीनसाठी आलेय कळल्यावर त्यांनी मला नीट समोर बसवून विचारलं, "मशीन जात इचारती का?"

"न्हाई दादा. ती फकस्त नंबर बघती."

"पक्कं?"

"पक्कं."

झालं. त्या दिवसापासून पारावर, पिठाच्या गिरणीवर, जिथं तिथं ते सांगत सुटले, "आमची पोरगी म्हणायली, तिथं आता कोणाचं चालत न्हाई. नंबर म्हंजी नंबर." मी ते ऐकलं आणि आणखीच घाबरले. आता मशीन चुकली असती तर नुसती माझी नोकरी गेली नसती, दादांचा शब्दही गेला असता. तो शब्द मुळात माझा होता.

केंद्रावर पोचल्या पोचल्या मी दोन गोष्टी हट्टानं करून घेतल्या. पहिली, पुढचा नंबर मशीनच देईल. ज्या नंबराची पाळी आहे तो काट्यावर लागल्याशिवाय त्याच्या पुढचा कुठल्याच काट्यावर येणार नाही. केंद्रप्रमुखांना मधला एखादा नंबर वगळायची सोय हवी होती. "एखादा मोठा माणूस येतो मॅडम, समजून घ्या." मी म्हणलं, समजलं म्हणूनच देत नाही. दुसरी, एखादी नोंद अर्धवट राहिली किंवा बिघडली तर तो नंबर बाद. शेतकऱ्यानं फाटकावरून नवं टोकन घ्यायचं आणि रांगेच्या शेवटाला लागायचं. नाहीतर दुरुस्तीच्या नावाखाली रोज कुणीतरी मधे घुसलं असतं. केंद्रप्रमुखांनी कपाळाला हात लावला, पण मानलं.

बाजाराच्या सुट्टीला नवं कर्नेल घातलं. दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं आणि चारी काटे एकदम सुरू झाले. चार मापाडी चार बाजूंनी वजनं ओरडायला लागले. चारही स्क्रीन पळत होत्या, कुणी कुणासाठी अडत नव्हतं. केंद्रप्रमुख बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "मॅडम, गाड्या पळायल्यात की!"

माझा जीव काही भांड्यात पडेना. मी मागच्या खोलीत मुख्य मशीनसमोर बसून घटकेघटकेला कुलपांची साखळी स्क्रीनवर काढून बघायचे. हा नंबर या काट्याकडं, तो त्या काट्याकडं, सुटला, लागला, सुटला. कुणी दार वाजवलं तरी दचकायचे.

ऑपरेटरांची मात्र एक खोड जाईना. जुन्या मोठ्या कुलपाच्या दिवसात ज्याच्या हाती फाइल लागली तो ती सोडायचा नाही. चहाला गेला तरी स्क्रीन उघडी टाकून जायचा, म्हणजे दुसरा घुसायला नको. तीन नंबरच्या काट्यावरचा ऑपरेटर तर यात पटाईत. मनाचा चांगला, हसरा, सेलूकडचा. मी त्याच्यावर डाफरले, "ही काय देवगाव फाट्यावरची एस.टी. आहे का रुमाल टाकून ठेवायला?"

फाट्यावर उभं राहून ज्यानं एस.टी. पकडलीय त्याला हे सांगायला नको. गाडी थांबायच्या आत लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, काहीही आत टाकणार. ज्या सीटवर रुमाल पडला ती सीट त्याची. मग तो आरामात, पान थुंकून, शेवटी चढणार, आणि आधी चढलेला माणूस रुमालाकडं बघत उभा राहणार. रुमाल उचलून बसायची कुणाची छाती होत नाही. आमच्याकडं हा कायदाच आहे.

तो हसून म्हणाला, "मॅडम, रुमाल न टाकणारा सेलूपस्तोर उभाच ऱ्हातो."

"इथं सगळ्यांना सीट आहे. उठलास की स्क्रीन बंद करायची. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. डोंबल कळलं होतं.

संक्रांत तोंडावर आली आणि आभाळ यायला लागलं. थंडीतलं ते कळकट आभाळ. रांगेतले लोक गप्पा सोडून वर बघायला लागले. भिजलेल्या कापसाची प्रत लगेच खाली जाते, आणि गाड्या तर सगळ्या उघड्यावर. अशाच एका सकाळी मी खिडकीतून बघितलं तर रांगेत दादांची गाडी. पांढऱ्या बैलाच्या शिंगावरून ओळखली. गाडीवर आमची जुनी ताडपत्री, एका कोपऱ्याला चांगलीच फाटलेली. नवी घ्या म्हणून मी दसऱ्यालाच सांगितलं होतं.

चहा घेऊन बाहेर गेले, तर दादांनी इकडंतिकडं बघितलं. "तू जा आत. लोक बघायलेत."

"चहा तर घ्या."

"घिऊ नंतर. जा म्हणलं ना." टोकन त्यांनी मुठीत धरलं होतं. त्यावरचा नंबर मी वाचला आणि आत आले. दुपारच्या आत त्यांची गाडी काट्यावर लागली असती. मी वर बघितलं आणि मनातल्या मनात म्हणलं, तेवढं थांब रे बाबा.

तीन नंबरच्या ऑपरेटरनं मला बाहेर जाताना बघितलं होतं. चहाचा कप कुणासाठी होता, ते त्यानं ओळखलं.

चार काट्यांवर चार ग्रेडर होते. ग्रेडर म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस. त्यातला तीन नंबरचा ग्रेडर कापूस हातात घेऊन, उकलून, उजेडात बघायचा. बाकीचे गाडीत हात घालायचे आणि मोकळे व्हायचे, कापूस कसाही असो, एक प्रत खाली. शेतकऱ्यांना हे पाठ होतं. प्रत्येकाला वाटायचं आपली गाडी तीनवर लागावी, पण ते कुणाच्या हातात नव्हतं. जो काटा मोकळा होईल त्यावर पुढचा नंबर. आमच्या हसऱ्या ऑपरेटरनं त्यातून वाट काढली होती, ती मला नंतर कळली. चुकलेली नोंद सुधारायला एक दुरुस्तीची स्क्रीन होती, ती उघडायची, हवा तो नंबर घालायचा आणि नुसतं बसायचं. नंबराला त्याचं कुलूप लागलं की तो दुसऱ्या काट्याला मिळत नाही. पाळी आली की सोडायचा आणि स्वतःच्या काट्यावर घ्यायचा. बारीक कुलपं मी केली आणि याला बारीक रुमाल सापडला.

दादांच्या नंबरावर त्यानं असा रुमाल टाकला. मला न विचारता, मला न सांगता. आणि लाइट गेली.

मुख्य मशीनला बॅटरी होती, ती चालू राहिली. टर्मिनल विझली. जनरेटर घुरघुरत सुरू व्हायला वेळ लागला. मग स्क्रीन उजळल्या, ऑपरेटर पुन्हा आत शिरले, पुढच्या नंबराची कळ दाबली. चारही स्क्रीनवर एकच शब्द आला. तो शब्द मीच घातला होता: थांबा.

एक मिनिट गेलं, दोन गेली. शब्द हलेना. बाहेर बैलांच्या घंटा तेवढ्या वाजत होत्या, मापाड्यांचे आवाज बंद झाले होते. घ्या! ज्याची धास्ती होती तेच झालं, कर्नेल बसलं, असं मला वाटलं. मागच्या खोलीत पळाले आणि साखळी काढली.

कर्नेल बसलं नव्हतं. साखळीत एकच कुलूप होतं आणि चारही काटे त्याच्या पायाशी झोपले होते. विझलेल्या टर्मिनलवर अर्धी राहिलेली ती दुरुस्ती अजून मशीनमध्ये जिवंत होती आणि नंबर धरून बसली होती. तिला सोडा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. त्या नंबराचीच पाळी होती, आणि तो काट्यावर लागल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही हा माझाच नियम. नंबर बघितला. सकाळीच मी तो दादांच्या मुठीत वाचला होता.

मी बाहेर येऊन कडाडले, "ह्या नंबराची दुरुस्ती कुणी उघडली होती?"

तीन नंबरवाल्याचं तोंड उतरलं. "मॅडम… तुमचे वडील म्हणून. आपल्या काट्यावर येऊ द्यावं, जरा नीट प्रत लागंल, म्हणून धरून ठिवला होता. तेवढ्यात लाइट गेली."

"रुमाल टाकलास!" मी ओरडले. "माझ्या बापाच्या नावानं रुमाल टाकलास तू!"

ओरडायला नको होतं. खिडकीला माणसं लागली होतीच. पुढं एक तरणा शेतकरी होता, त्याची गाडी दादांच्या मागंच. तो वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐकलं का? मॅडमच्या बापासाठी काटे बंद हायत! वर आभाळ फाटायलंय आन् इथं पाहुणचार चाललाय!" गलका उठला. मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणलं, "आता त्यांचंच चालणार बाबा." त्या महिन्यात या वाक्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नव्हता. गलक्यापेक्षा मी त्या हळू आवाजाला जास्त भ्याले.

केंद्रप्रमुख मला आत घेऊन गेले. "काय करायचं?"

"ती अर्धवट दुरुस्ती मारून टाकायची. कुलूप सुटेल, काटे सुरू होतील. पण नंबर बाद होईल."

"म्हणजे वडील शेवटाला?" त्यांनी खिडकीतून वर बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुमाला हातानं बी करता येतंय की. नोंद सरळ आतून नीट करून टाका. कोणाला काय कळायलंय?"

येत होतं. डिस्कवरची ती ओळ आतून उघडून नीट करायची, की नंबर जसाच्या तसा. चहा प्यायच्या आत झालं असतं. आणि त्यात चोरी कसली? नंबर दादांचाच होता. ते त्या नंबराला उन्हाथंडीत उभे राहिले होते. त्यांनी कुणाला काही मागितलं नव्हतं, कुणाचं काही घेतलं नव्हतं. पण मी आतून हात घातला असता तर बाहेर एकच गोष्ट पसरली असती, की ह्या मशीनमध्ये आतून हात घालता येतो. उद्या केंद्रप्रमुखांचा मोठा माणूस आला असता. परवा फाटकावरचा जुना कारकून परत आला असता. आणि त्या आधी, आत्ताच, त्या खिडकीत काय झालं असतं, ते मला बघायचं नव्हतं. मी कीबोर्डवर हात ठेवून नुसती बसून राहिले. मला सगळ्यांचा राग आला होता, त्या ऑपरेटरचा, त्या तरण्या पोराचा, आभाळाचा, स्वतःच्या नियमाचा.

"बाई." खिडकीत दादा होते. लोकांनी त्यांना वाट दिली होती. "माझ्याच नंबरावर अडलंय का?"

"हो दादा."

"त्येच्यावर कुलूप हाय?"

"हो."

"मंग तोड."

"तुमचा नंबर जाईल, दादा. शेवटाला लागावं लागंल. ताडपत्री फाटकी हाय आपली, आभाळ बघा की कसं—"

"आभाळ मला दिसायलंय." त्यांचा आवाज चढला नाही. "तुला इचारलं होतं ना, मशीन जात इचारती का? न्हाई म्हणलीस. मंग बाप कोन हाय हे तरी तिनं कामून इचारावं?"

मी कळ दाबली.

चारही स्क्रीनवरचा शब्द गेला आणि नंबर आले. मापाडी ओरडायला लागले. जणू काही झालंच नाही.

गाडी रांगेतून बाहेर काढणं सोपं नव्हतं. पुढं गाडी, मागं गाडी. बैल बिथरले. शेवटी त्या तरण्या पोरानंच पुढं होऊन पांढऱ्याचा कासरा धरला, जू उचललं, गाडी वळवून दिली. मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "मामा, एवढ्या लांब कशाला जाता? लागा माझ्या मागं. कोन न्हाई म्हणतंय बगतो मी."

"नगं बाबा. त्यो बी रुमालच झाला," दादा म्हणाले आणि गाडी हाकत फाटकाकडं गेले.

नवं टोकन घेऊन ते सडकेला लागलेल्या शेपटाला उभे राहिले. खिडकीतून ते मला दिसतही नव्हते. मी दिवसभर आत साखळी बघत होते आणि कान पत्र्यावर होते. काटे असे पळत होते की केंद्रप्रमुखांनी पेढे मागवायचं काढलं. मी म्हणलं, नाव काढू नका पेढ्यांचं.

दिवस कलला आणि पत्र्यावर पहिला टपोरा थेंब वाजला. मी टर्मिनलवर घालायची प्लॅस्टिकची आवरणं कपाटातून ओढून काढली आणि धावले. रांगेत नुसती पळापळ. ज्याच्याकडं जे होतं ते लोक गाडीवर टाकत होते, कुणी घोंगडी, कुणी धोतर. दादांनी फाटक्या कोपऱ्यावर स्वतःचा सदरा पसरला होता आणि ते बनियनवर उभे होते, दोन्ही हातांनी ताडपत्री ओढून धरून. मी त्यावर आवरणं घातली आणि दुसरा कोपरा धरून उभी राहिले. पाऊस फार नव्हता, थोडा वेळ येऊन गेला. पण तो कोपरा भिजला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा नंबर लागला तो एक नंबरच्या काट्यावर. ग्रेडरनं नेमका त्या कोपऱ्यात हात घातला, "ओल हाय," म्हणला आणि सगळ्या गाडीची प्रत एक नाही, दोन खाली लावली. वर्षभराचा माल. मायनं आणि दादांनी बोंडं वेचून वेचून, काडीकचरा काढून, पांढराशुभ्र केलेला. माझ्या जिभेवर आलं होतं की कापूस काल कोरडा होता, अगदी कोरडा होता, आणि तो काल इथं पोचला होता. दादांनी काचेतून माझ्याकडं बघून बारीक मान हलवली. बोलू नको. मी गिळलं.

रिकामी गाडी फाटकातून जाताना मी बाहेर आले. त्यांनी बैल थांबवले. मला वाटलं, काहीतरी बोलतील, निदान चिडतील तरी. ते म्हणाले, "नंबर बरोबर लागला. जेवलीस का?"

पुण्याला परत गेल्या गेल्या मी कर्नेलमध्ये थोड्या ओळी वाढवल्या. टर्मिनल विझलं की त्या टर्मिनलनं धरलेली सगळी कुलपं कर्नेलनं आपल्या आपण सोडायची, आणि अर्धी नोंद पुसून जुनी होती तशी ठेवायची. पुढं ज्या ज्या ठिकाणी आमची मशीन गेली तिथं त्या ओळी गेल्या. साहेबांनी शाबासकी दिली, विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हणलं, असंच.

त्याच महिन्यात नामांतराची बातमी आली. आमच्या वस्तीत पेढे वाटले. मायनं फोनवर सांगितलं की दादांनी स्वतः घरोघर नेऊन दिले, आणि मग बैलांना पाणी पाजून लवकर झोपले.

पुढच्या दिवाळीला मी नवी ताडपत्री घेऊन घरी गेले. दादांनी ती उलगडून बघितली, कोपरे ओढून बघितले, घडी घालून आड्याला ठेवली. मग दारात बसून विचारलं, "आता लाइट गेली तर नंबर जातो का गं?"

"न्हाई दादा. आता न्हाई जात. कुलूप सुटतं, नंबर तसाच ऱ्हातो."

"कोणाचा बी?"

"कोणाचा बी."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि बैल सोडायला उठले. त्यांचा तो नंबर काही मला परत देता आला नव्हता. मी चुलीपुढं जाऊन बसले, आणि मायनं विचारलं तर धूर लागला म्हणून सांगितलं.